ताणायचं कधी, थांबवायचं कधी? प्रशिक्षकांनो, या चुका टाळा

सांगलीच्या आसपास पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. १६०० मीटरला २० गुण, त्यामुळे सगळ्यांची नजर घड्याळावर. इथेच पहिली चूक होते. वेळ वाढली की पोरगा आळसावला असं धरून आणखी दोन राउंड लावले जातात. आधी विचारा तरी, रात्री झोपला होता का? रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजून आलेला पोरगा शिव्यांनी वेगात पळत नाही. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असं दोन-तीन दिवस दिसलं तर सराव हलका ठेवा. ताप असेल तर सुट्टीच.

दुसरी चूक म्हणजे सगळी दुखणी एकाच मापाने मोजणं. दोन्ही पोटऱ्या सारख्या ठणकतायत आणि वॉर्म-अपनंतर मोकळ्या होतायत, तर काम चालू द्या. पण नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ जात असेल किंवा पोरगा लंगडत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असू शकते. ‘पळून पळून मोकळं होईल’ हे तिथे चालत नाही.

मुलींच्या बाबतीत उलटंच. वजन उचलायला लावायची वेळ आली की सर कचरतात, विनाकारण. मात्र पाळी महिनोन्महिने येत नसेल तर तिथे थांबायला हवं. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता असते. हे ती सरांना सांगणार नाही, म्हणून एखादी ताई हाताशी हवी.

आणि संकेत सरगरचं उदाहरण रोज देऊ नका. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात, कोपराला दुखापत झाल्यावरही सांगलीचा हा गडी तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. एकूण २४८ किलो, रौप्य. सुवर्ण एका किलोने हुकलं. पदकासाठी तो जुगार समजू शकतो, मंगळवारच्या सरावात तो निव्वळ वेडेपणा.

शेवटचा राउंड पहिल्यासारखाच नीट जातोय, मधे गप्पाही चालल्यात? मग खुशाल वाढवा. थांबवायचं असेल तर बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत बसवलंत, तर पुढच्या वेळी दुखणं लपवूनच पळेल.