पानांवरच्या गाठींवर संशोधन करायचंय?

पीएचडीचा विषय ठरला त्या दिवाळीत आत्यानं विचारलं, "गॉलवर शिकायलास म्हणं? मग माझी सोनोग्राफी बघ की." तिच्या पित्ताशयात खडे होते. चूक तिची नाही. इंग्रजीत पित्तालाही गॉल आणि किडीमुळं झाडावर येणाऱ्या गाठीलाही गॉल. उच्चार एक, मूळ वेगळं. संदर्भ शोधताना माझेही पहिले आठ दिवस पित्ताशयाच्या कॅन्सरचे पेपर चाळण्यात गेले. नुसता 'गॉल' टाकून शोधू नका, झाडाचं शास्त्रीय नाव जोडा.

आत्याला मी बाळगुटीतलं मायफळ दाखवलं. इराण-तुर्कस्तानकडच्या ओकवर गांधीलमाशीच्या नात्यातला एक बारका कीटक अंडी घालतो, तिथं झाड फुगतं, ते मायफळ. काकडशिंगी म्हणजे मावा किडीनं घडवलेली गाठ. "म्हंजे लेकरांना किडीचं घर उगाळून पाजलं व्हय आम्ही?" हो, तसंच.

विषयासाठी जंगल धुंडाळू नका, मराठवाड्यात ते आहेच किती! रस्त्याकडेचा सप्तपर्णी बघा, पानांवरचे फोड सिला नावाच्या रस शोषणाऱ्या बारक्या किडीचे. आंब्याच्या पानावरच्या पुटकुळ्या मिज नावाच्या बारक्या माशीच्या. करंजाच्या गाठींनी मात्र माझी फजिती केली. पहिल्याच सेमिनारमध्ये त्या कीटकाच्या म्हणून सांगितल्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पाय किती?" ती इरिओफाइड नावाची, कोळ्याच्या नात्यातली कीड निघाली. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ आणि या बाईला चारच!

खरी मेख पुढं आहे. गाठ कुणाची ते ओळखायला गाठी डब्यात ठेवायच्या, तोंडाला मलमल बांधायची, रोज बघायचं. एक दिवस चकचकीत हिरवी माशी बाहेर येते आणि आपण नाचायला लागतो. ती बहुतेक वेळा गाठीची मालकीण नसते. मालकिणीची अळी खाऊन वाढलेली परोपजीवी असते. माझे सहा महिने असेच चुकीच्या नावानं गेले. म्हणून निम्म्या गाठी कोवळ्या असतानाच ब्लेडनं कापा, आतली अळी मायक्रोस्कोपखाली बघा, चित्र काढा, मग उरलेल्यांतून काय निघतं ते ताडून पाहा. एकाच गाठीतून दोन-तीन जातींचे कीटक निघाले तर घाबरू नका, तसंच असतं. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए काढायचा असेल तर 95च्या वर, आणि फ्रीझरमध्ये. कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घाला: झाड, गाव, तारीख. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

डब्यात बाष्प धरलं की बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात तळाशी टिपकागद घालून रोज बदलायचा. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माझ्या बावीस डब्यांतल्या गाठी दोन दिवसांत वाळून कोळसा झाल्या. गाईडनी फक्त "पुन्हा गोळा कर" एवढंच म्हटलं. तेव्हापासून डबे माठाच्या तिवईखाली.