लैंगिक छळ प्रतिबंधाची कार्यशाळा कशी घ्यावी

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती नेमणं आणि ठरावीक काळाने जागृती कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. अनेकदा स्लाइड दाखवून, हजेरीच्या सह्या घेऊन ती उरकली जाते. माझ्या मते कसोटी एकच: कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या बाईला तिथे तोंड उघडता आलं का?

त्यामुळे तयारी यादीपासून करा. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, रोजंदारीवरची माणसं यांनाही हा कायदा लागू आहे. त्यांची नावं यादीत हवीतच. वेळ कामाच्या तासांतली ठेवा. शिफ्ट संपल्यावर बोलावलं, तर जिला घरी पाणी भरायचंय तिचं लक्ष घड्याळाकडे राहणार. भाषा त्यांची, मराठी किंवा हिंदी. कुणाला ऐकू येत नसेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवा.

साहेबांनी सुरुवातीला दोन शब्द बोलावेत आणि निघावं. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सुपरवायझर आणि त्यांच्या हाताखालची माणसं एका गटात बसवू नका.

सुरुवातीलाच नियम सांगा: इथे कुणाचं नाव घ्यायचं नाही, स्वतःचा अनुभव सांगायची सक्ती नाही, मध्येच उठून बाहेर जायची मुभा आहे. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, पण त्या तुम्हीच वाचा आणि लगेच फाडून टाका. छोट्या ऑफिसात अक्षर ओळखू येतं. लिहिता न येणाऱ्यांना चहाच्या सुट्टीत तुमच्याशी एकटं बोलता येईल असं बघा.

मग व्याख्येऐवजी प्रसंग द्या. उदाहरणार्थ, रात्रपाळीनंतर सुपरवायझर रोज ‘चल, तुला सोडतो’ म्हणतो. तिने दोनदा नकार दिला. पुढच्या आठवड्यापासून तिला सगळ्यात गैरसोयीची पाळी लागली. चार-पाच जणांच्या गटात विचारा: हे बघणाऱ्या सहकाऱ्याला काय करता आलं असतं? या प्रश्नाने पुरुषांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही आणि चर्चा खरी होते. प्रसंगाचं नाटक मात्र करून घेऊ नका. ज्या बाईने हे भोगलंय तिला ते पुन्हा भोगावं लागतं.

‘खोट्या तक्रारींचं काय?’ हा प्रश्न येईलच. टाळू नका, चिडूही नका. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी, असं कायदा मानत नाही; दुष्ट हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो, हे शांतपणे सांगा.

कुणी स्वतःची घटना सांगायला लागली तर खोदून विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आपण बाहेर बोलू’ एवढं म्हणा, गटाला विश्रांती द्या आणि तिच्यासोबत जा. तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवेल.

शेवटची पंधरा मिनिटं माहितीसाठी राखून ठेवा: समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर, घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार (कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते), ९० दिवसांत चौकशी. लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची असते. तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

व्यवस्थापनाला अहवाल देताना विभागाचं नाव लिहू नका. ज्या विभागात दोनच बायका आहेत, तिथे विभाग सांगणं म्हणजे नाव सांगणंच.