शेजाऱ्याच्या कुत्र्याने शेळी मारली? या चुका टाळा

शेळी मेली की ती घाईघाईने पुरून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिकडे बांधावर शिवीगाळ चाललेली असते आणि इकडे पुरावा मातीआड होतो. दोन दिवसांनी शेजारी म्हणतो, "ती आधीच मेली होती, आमच्या कुत्र्याने नुसतं तोंड लावलं." याचं उत्तर शवविच्छेदनातच मिळतं. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल, तर कातडीखाली रक्त साकळून काळंनिळं दिसतं. मेल्यावर लचके तोडले असतील, तर तसं साकळत नाही. म्हणून मेलेलं जनावर सावलीत झाकून ठेवा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि जखमा यांचे फोटो काढा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा (1962 वरही फोन करता येतो) आणि पोलीस पाटील किंवा सरपंचांसमोर पंचनामा करून घ्या. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी सांगा. बिल्ला कापून टाकू नका, त्यावाचून दावा अडतो.

"बिबट्या लिहून दे, पैसे मिळतील," असा सल्ला देणारा गावात कुणीतरी भेटतोच. ऐकू नका. वनविभागाची भरपाई बिबट्या, लांडगा अशा वन्यप्राण्यांसाठी आहे, पाळीव कुत्र्यासाठी नाही, आणि जखमा पाहून फरक कळतो. कुत्री सहसा मागून धरतात: मांडी, कास, शेपटीकडचा भाग, सगळं वेडंवाकडं फाटलेलं, आणि एका झटक्यात कळपातली अनेक जनावरं जखमी. बिबट्या बहुधा नरडं धरतो आणि शिकार ओढून नेतो. खरोखर शंका असेल तर ठसे तुडवू नका, वनरक्षकाला लगेच बोलवा.

भांडणाच्या नादात जखमी जनावरांकडे दुर्लक्ष होतं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. चाव्यावर चुना, मिरची, हळद थापू नका. हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी देतात. दोन इंजेक्शनं झाली की शेळी बरी दिसते म्हणून पुढची चुकवतात. तसं करू नका. चावलेल्या जनावराचं कच्चं दूध कुणाला देऊ नका.

कुत्र्याच्या मालकाची मोठी चूक म्हणजे रातोरात कुत्रं दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडून येणं. ते 10 दिवस बांधून नजरेखाली राहिलं, तरच रेबीजची शंका फिटते. शिवाय सोडलेलं कुत्रं तिथल्या वाड्यावर जातं, म्हणजे संकट दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं.

विषारी तुकडे टाकण्याचा विचारही नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार जनावर मारणं किंवा त्याला विष घालणं यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आहे. काल नुकसान सोसणारा माणूस आज आरोपी होतो. पोलिसांकडे जाताना हेही माहीत असू द्या की कलम 291 मधला निष्काळजीपणा माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्याशी जोडलेला आहे. मेलेल्या शेळीचे पैसे मिळवण्याची वाट तडजोडीची, नाहीतर दिवाणी दाव्याची.

तडजोडीतली नेहमीची चूक म्हणजे त्याच संध्याकाळी "सगळा हिशेब मिटला" असं लिहून देणं. टाके घातलेल्या शेळीच्या जखमेत आठवड्याने अळ्या पडतात, घाबरलेली गाभण शेळी गाभडते, दूध आटतं. मेलेल्या जनावरांचे पैसे बाजारभावाने आधी घ्या, जखमींच्या औषधपाण्याचा हिशेब लसीचा कोर्स संपेपर्यंत उघडा ठेवा. तंटामुक्ती समितीसमोर बसा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि कुत्रं रात्री कुठे बांधणार, हे तिन्ही एकाच कागदावर येऊ द्या.