खालच्या लीगमध्ये पोट भरायचं तर: करार, कागद आणि हंगामाचं गणित

इंडियन सुपर लीगचा (आयएसएल, देशातली सर्वात वरची फुटबॉल लीग) क्लब मिळालेला नाही, पण खेळूनच घर चालवायचं आहे, अशा खेळाडूसाठी हे लिहिलं आहे. त्याचं करिअर एका मोठ्या करारावर उभं राहत नाही. सहा-सात-आठ महिन्यांचे करार एकापुढे एक जोडत न्यावे लागतात. चांगले चांगले खेळाडू गळतात ते या जोडांवरच.

आधी वर्ष समजून घ्या. कोलकाता लीग १८९८ पासून चालू आहे आणि तिचा मुख्य काळ पावसाळ्याचा. गोव्याची प्रो लीग पाऊस ओसरताना सुरू होते आणि उन्हाळ्याकडे सरकते. कोल्हापुरात केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगाम हिवाळ्यात उघडतो आणि शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने उन्हाळाभर रंगतात. आय-लीग २ आणि २०२३ मध्ये सुरू झालेली आय-लीग ३ या देशपातळीवरच्या खालच्या लीगांच्या तारखा मात्र हलत राहतात, त्यांच्या भरवशावर वर्ष बांधू नका.

पावसाळ्यात एक क्लब, हिवाळ्यात दुसरा, उन्हाळ्यात तिसरा, असं मनात येणं साहजिक आहे. इथे फिफाचा नियम आडवा येतो: एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते आणि अधिकृत सामने त्यांपैकी दोनच क्लबांकडून खेळता येतात. बदली म्हणून शेवटची पाच मिनिटं उतरलात तरी तो क्लब मोजला जातो. म्हणून जिथे बेंचवरच बसायचं आहे, तिथे सही करण्याआधी दोनदा विचार करा. आणखी एक अडचण आपल्या पेठेच्या हौशी संघात परतणाऱ्यांची: प्रोफेशनल म्हणून शेवटचा सामना खेळल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय पुन्हा अमेचर (हौशी) म्हणून नोंद होत नाही. मोठा सामना तोंडावर आला की हे आठवतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

सगळी नोंद एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर चालते. तिथे तुमचं नाव, जन्मतारीख आणि आधार-पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आडनावाच्या स्पेलिंगमधला एक फरक ट्रान्स्फर विंडोच्या (क्लब बदलाच्या नोंदणीची ठरलेली मुदत) शेवटच्या दिवशी फाइल अडकवायला पुरतो. करार संपताच जुन्या क्लबकडून लेखी एनओसी घ्या, बाकी हिशेब नंतर होत राहील. विंडो बंद होण्याआधीच करार संपलेला असेल, तर फिफाच्या नियमात विंडोबाहेरही नोंदणीची सोय आहे. म्हणून कराराची शेवटची तारीख नीट वाचा, ‘हंगाम संपेपर्यंत’ अशा मोघम शब्दांवर सही करू नका.

आता पैसे. महिन्याचा आकडा फसवतो, वर्षाचा धरा. समजा एक क्लब ७ महिन्यांसाठी महिना २५,००० देतो, राहणं-जेवण तुमचं. दुसरा १० महिन्यांसाठी २०,००० देतो आणि खोली-मेस त्याची. पहिल्याचे होतात १,७५,०००. त्यातून खोली आणि जेवणाचे महिना ८,००० धरले तर ५६,००० जातात, उरतात १,१९,०००. दुसऱ्याकडे पूर्ण २,००,००० हातात. तरी बहुतेक मुलं पहिल्या क्लबकडे धावतात.

करारात या गोष्टी लिहून घ्या: दरमहा पगाराची तारीख, प्रवासखर्च, घरभाडं कोण भरणार, सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर एमआरआय, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कोणाचा, आणि त्या काळात पगार चालू राहणार का. दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या. कागदावर १२,००० आणि ‘बाकी रोख देऊ’ असा प्रस्ताव आला तर त्या क्लबचा पगार १२,०००च समजा, कारण तक्रार करताना तेवढ्याचाच पुरावा असेल. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एजंट असेल तर त्याचा फिफा परवाना तपासा.

पगार थकला तर रागाने बॅग भरून घरी जाऊ नका, गैरहजेरीचं निमित्त क्लबला आयतं मिळतं. सरावाला जात राहा, हजेरीचे फोटो आणि ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा. दोन महिन्यांचा पगार थकला की ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या: कोणता महिना, किती रक्कम, आणि भरायला १५ दिवस. मुदत उलटली की फिफाच्या खेळाडू नोंदणी-बदलीच्या नियमांतल्या कलम १४ बिसप्रमाणे करार सोडण्याचं सबळ कारण तुमच्याकडे असतं. मग थकबाकीसाठी एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जाता येतं. खेळाडूंची संघटना एफपीएआय २००६ पासून आहे, नोटीस पाठवण्याआधीच तिच्याशी बोला.

बंगालमध्ये खेप (पैसे घेऊन बाहेरच्या स्पर्धांत खेळणं) आणि केरळच्या मलबारात सेव्हन्स (सात-सात जणांचं फुटबॉल), दोन्हीकडे रात्रीच्या रात्री रोख पैसे मिळतात. मोह समजण्यासारखा आहे. पण मैदान खडबडीत, टॅकल बेफाम आणि करारात बहुधा मनाई. तिथे गुडघा गेला तर क्लब उपचार देत नाही. स्वतःचा अपघात विमा असला तरी त्यातून प्रोफेशनल खेळ वगळला आहे का, हे पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर पाहा.

खालच्या लीगमध्ये पूर्णवेळ फिजिओ क्वचितच असतो, तेव्हा शरीराची जबाबदारी तुमचीच. फिफा ११+ हा साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण करा. त्यातला हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागचा स्नायू) नॉर्डिक व्यायाम कंटाळवाणा असल्यामुळे सगळ्यात आधी गाळला जातो, आणि खेळाडू सगळ्यात जास्त हॅमस्ट्रिंगनेच बाहेर बसतात. बुटांचे दोन जोड ठेवा. गवतासाठीचे लांब स्टड मुंबईच्या कूपरेज मैदानासारख्या कृत्रिम टर्फवर रुततात, पाय अडकतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. टर्फवर आखूड आणि जास्त स्टडचे बूट घाला. एसीएलची (गुडघ्यातला अस्थिबंध) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांआधी सामन्यात उतरू नका, क्लब कितीही घाई करो. सर्दीचं औषध किंवा जिममधली पावडर घेण्याआधी नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) प्रतिबंधित यादी पाहा.

नव्या क्लबला व्हिडिओ पाठवाल तो चार मिनिटांचा हवा, पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमच्या जागेचं खरं काम दिसलं पाहिजे. स्टॉपरने (मधला बचावपटू) गोल दाखवू नये, हेडर, कव्हर आणि दबावाखालचा पास दाखवावा. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्या, जाणकार प्रशिक्षक तीच उघडतो.

अठ्ठाविशीच्या आसपास प्रशिक्षकाच्या डी लायसन्सचा कोर्स करून टाका, पुढे एएफसीचे (आशियाई फुटबॉल महासंघ) सी आणि बी असा रस्ता आहे. नोकरीचा विचार असेल तर त्याहून लवकर जागे व्हा, कारण वयाची अट आड येते. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी चालते, हे भरती निघण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र ती स्पर्धा संपते त्याच आठवड्यात मागून घ्या. संघ व्यवस्थापक बदलला की ते शोधायला महिने जातात.