बारशाआधी नाव पारखून घ्या

नाव आत्याच ठेवते, पण ती पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' करण्याआधी घरच्यांनी तीन-चार नावं पारखून ठेवावीत. पाळणा बाराव्या दिवशी असतो, म्हणजे वेळ फार नसतो.

आधी अंगणातून मोठ्यानं हाक मारून बघा. हाकेला 'या' लागणारच: गणेशचा गण्या, ज्ञानेश्वरचा ज्ञान्या. लाडाचा 'या' वेगळा, हिणवायचा वेगळा. पाटलाचं पोर मिसरूड फुटायच्या आत 'राव' होतं, सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी, मात्र साठीतही 'या'च राहतो. हे जुनंच आहे. मनुस्मृतीत (2.31) ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं ठेवायला सांगितलंय. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाल्यावर घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल आले ते यालाच उत्तर म्हणून.

उकंडा, दगडू, धोंडू यांचं कारण निराळं. आधीची लेकरं जगली नाहीत की नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवत. त्यात माया आहे, पण हजेरीच्या वेळी वर्गाला ती दिसत नाही. घरात ठेवा, कागदावर नको. नकुशीला तर तेवढीही सबब नाही. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 280हून जास्त मुलींची नावं बदलली गेली.

अर्थ मोबाईलवर बघू नका, संस्कृत कोशात बघा. 'आरव' म्हणजे शांत, असं नेटवर सापडतं. कोशात अर्थ आहे आवाज, गलका. पत्रिकेचं अक्षर पाळत असाल तर आर्द्रेला ङ, हस्ताला ण आणि उत्तराभाद्रपदेला ञ येतो. यावरून नाव सुरू होत नाही. त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्या, जसं आर्द्रेला कु किंवा घ.

मुसलमान घरात अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा विधी, सातव्या दिवशी करतात. 'अब्दुल' म्हणजे 'चा बंदा', आणि रहमान हे अल्लाहचं नाव. म्हणून अब्दुलरहमान जोडूनच लिहा. सुटं लिहिलं की शाळेत 'रहमान' बापाच्या रकान्यात जातो आणि पोराला उरतो नुसता 'चा बंदा'.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करा, तेव्हा फी नाही. नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही. नाव वर्षभरात फुकट चढवता येतं, नंतर विलंब शुल्क पडतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचा क्रम आहे बाळ, आई, वडील, आडनाव. आईचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच द्या.

इंग्रजी स्पेलिंग स्वतः लिहून न्या. 'ज्ञ' कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा.