लक्षद्वीपला निघण्यापूर्वी: नाशिककरांसाठी तयारीची यादी

लक्षद्वीपला जायचे ठरले की सर्वांत आधी प्रवेश परवान्याच्या मागे लागावे, कारण भारतीय नागरिकालाही त्याशिवाय तेथे उतरता येत नाही आणि तो हाती येईपर्यंत बाकीची सर्व आरक्षणे अधांतरी राहतात. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जाऊ शकतो. शहरातल्यांनी तो आयुक्तालयाकडून, तर सिन्नर-निफाडकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडून आधीच काढून ठेवावा.

तारखा दिवाळी ते होळी या काळातल्या निवडाव्यात, कारण पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कोचीतल्या एर्नाकुलमपर्यंत नेते. पुढे कोचीहून जहाज घ्यावे किंवा अगत्ती बेटाचे छोटे विमान. जाताना-येताना कोचीत एकेक दिवस मोकळा ठेवावा.

सामानात बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेल्या गोळ्या, रोजची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची आणि पुरेशी रोख रक्कम असावी. दारू अजिबात नेऊ नये, आणि गावात फिरण्यासाठी अंगभर कपडे घ्यावेत.

खरी तयारी मात्र पाण्याची आणि प्रवाळाची आहे. बेटावरच्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. गंगापूर धरणाचे पाणी घरच्या नळाला येणाऱ्या आपल्याला हे चटकन उमगत नाही, म्हणून तेथे बादलीभर पाण्यात अंघोळ उरकण्याची सवय आठवडाभर आधी घरीच लावावी.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तर सूक्ष्म जीवांची वसाहत. 1998, 2010 आणि 2016 या वर्षी समुद्र तापल्याने येथील प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. जे उरले आहेत त्यांच्यावर पाय पडू नये यासाठी पोहण्याचा थोडा सराव करून जावे, आणि ऑक्सिबेन्झोन हे प्रवाळांना घातक रसायन असलेल्या सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घ्यावा. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलू नये. त्यांचा चुरा होऊनच या बेटांची वाळू बनते, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही प्रवाळांना संरक्षण आहे.

शेवटी एक रिकामी, मजबूत पिशवी बॅगेत टाकावी आणि चिवड्याच्या पाकिटांपासून औषधांच्या वेष्टनांपर्यंत आपला सगळा प्लॅस्टिक कचरा तिच्यातून नाशिकला परत आणावा.