पॉवर स्टेअरिंग जड, पंपाची घरघर, पण गळती नाही (जुनी फोर बाय फोर)

लक्षण: कात्रज घाटात ठीक, पण पार्किंगमध्ये आयडलिंगवर स्टेअरिंग दगडासारखं. रेस दिली की हलकं. पंपाची घरघर, स्टेअरिंग तेलाच्या टाकीत फेस. खाली मात्र थेंबही नाही.

बेल्ट ताणला, तेल बदललं, पंपाला सील किट टाकलं. दोन रविवार पाण्यात.

फेस म्हणजे हवा. टाकीतून पंपाकडे येणारा सक्शन पाइप क्लॅम्पखाली तडकला होता. तिथे दाब नसतो, ओढ असते. म्हणून तेल गळण्याऐवजी हवा आत शिरते.

नाना पेठेतून त्याच मापाचा ऑइल होज आणि 2 क्लॅम्प आणले. पाण्याचा रबरी पाइप चालत नाही, तेलाने फुगतो. टाकीची जाळी धुऊन मॅन्युअलमध्ये दिलेलं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, स्टेअरिंगमध्येही चालणारं तेल) भरलं. मग पुढची चाकं उचलून स्टँडवर, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 20 वेळा. पातळी उतरेल तसं तेल घालत राहायचं, टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून हेच 5-6 वेळा. टोकाला 5 सेकंदांवर धरू नका, पंप तापतो. फेस आलाच तर इंजिन बंद करून तो बसू द्या, मग पुन्हा.

आता आयडलिंगवरही एका हाताने वळतं.